शाळेसाठी शिकवण्याचं चांगलं साहित्य निवडायचं कसं, अन् निवडल्यावर वर्गात वापरायचं कसं

मार्च-एप्रिलमध्ये नागपुरातल्या बहुतेक शाळांच्या स्टाफरूममध्ये टेबलावर सॅम्पल कॉप्यांची चळत दिसते. गुळगुळीत कव्हर, त्यावर 'एनईपी 2020 नुसार' (म्हणजे राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार), 'निपुण भारतवर आधारित', 'क्षमताधिष्ठित' असं ठळक छापलेलं, सोबत अ‍ॅपचं लॉगिन फ्री, अन् एचएम (मुख्याध्यापक) सरांचा निरोप की दोन दिवसांत नावं द्या म्हणजे ऑर्डर टाकता येईल. मग ज्याचा कागद चांगला, चित्रं रंगीत अन् डिस्काउंट जास्त ते पुस्तक ठरतं आणि पोरं वर्षभर तेच भरत बसतात. शाळा जिल्हा परिषदेची असो, मनपाची असो की धरमपेठेतली सीबीएसईची, साहित्य निवडायला द्यायला पाहिजे तेवढा वेळ आपण देत नाही अन् त्याचं नुकसान थेट मुलांचं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की कव्हरवर जे छापलंय ते प्रकाशकाचं स्वतःचं म्हणणं आहे. ते खरं का खोटं हे आतली पानं उघडून आपल्यालाच बघावं लागतं, आणि ते बघायचं अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय करता आलं पाहिजे याची यादी, शेजारी ठेवून. एनसीईआरटीने (अभ्यासक्रम अन् पुस्तकं बनवणारी केंद्राची संस्था) 2017 मध्ये पहिली ते आठवीच्या अध्ययन निष्पत्ती काढल्या आणि त्याच वर्षी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमांत त्यांना जागा मिळाली. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर त्या नंबरासकट छापलेल्या असतात. 04.71.02 असं काही दिसलं तर पहिला आकडा इयत्तेचा, मधला विषयाचा (71 म्हणजे गणित, 72 म्हणजे विज्ञान) आणि शेवटचा त्या निष्पत्तीचा. आपल्यापैकी बरेचजण ते पान उलटून थेट पाठ एकवर जातात, पण निवडीच्या कामात सगळ्यात उपयोगी पान तेच आहे.

निष्पत्ती वाचताना घटकाचं नाव वाचून सोडू नका, क्रियापद वाचा. 'अपूर्णांक' हा घटक तर प्रत्येक वर्कबुकात सापडणारच. निष्पत्तीत मात्र मूल काय करतं ते लिहिलेलं असतं, म्हणजे ओळखतं, तुलना करतं, कारण सांगतं, स्वतःचं उदाहरण तयार करतं, आणि वर्कबुकात पानांमागून पानं नुसत्या 'गाळलेल्या जागा भरा' असतील तर घटक जुळला पण निष्पत्ती जुळली नाही. पहिली ते तिसरीसाठी निपुण भारतची लक्ष्यंही जवळ ठेवा. जुलै 2021 मध्ये ते पायाभूत वाचन-गणिताचं अभियान सुरू झालं, त्यात तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं म्हटलंय. आता दुसरी-तिसरीचं जे वाचनपुस्तक तुमच्यासमोर आलंय त्यात सलग वाचायला किती मजकूर आहे ते बघा, कारण पानभर चित्र अन् खाली दोन ओळी असं तिसरीपर्यंत चाललं तर 60 शब्द वाचायचा सराव मुलांनी करायचा कशावर?

आवृत्तीचं वर्षही बघाच. राज्यात पहिलीचा अभ्यासक्रम 2025-26 पासून बदललाय आणि पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलायच्या आहेत. सीबीएसईवाल्यांकडे एनसीईआरटीची नवी पुस्तकं पहिली-दुसरीला 2023 मध्ये आली, तिसरी आणि सहावीला 2024 मध्ये, चौथी, पाचवी, सातवी, आठवीला 2025 मध्ये. त्याच्या आधी छापलेलं पूरक वर्कबुक नवीन कव्हर घालून आलं तरी आतले पाठ जुन्या पुस्तकाचेच असू शकतात, म्हणून अनुक्रमणिका शेजारी-शेजारी ठेवून बघायची, त्याला काही फार वेळ लागत नाही.

तपासायचा क्रम

अमेरिकेत एडरिपोर्ट्स नावाची एक संस्था आहे, ती शाळांची पुस्तकं तिथल्या मानकांशी ताडून बघते आणि हे काम शिक्षकांकडूनच करून घेते. त्यांची पद्धत मला फार पटते. गणिताच्या पुस्तकाला ते तीन टप्पे लावतात. पहिल्यात त्या इयत्तेचं जे मुख्य काम आहे त्यावर पुस्तक खरंच जास्तीत जास्त वेळ देतं का आणि एका इयत्तेतून दुसरीत गोष्ट नीट पुढे जाते का हे बघतात, दुसऱ्यात संकल्पना, सराव आणि वापर यांचा मेळ आहे का ते बघतात, आणि या दोन्हीत पास झालं तरच तिसऱ्या टप्प्यात ते वापरायला सोपं आहे का, शिक्षकाला मदत करतं का याच्याकडे वळतात. आपण नेमकं उलट करतो, आधी मांडणी, चित्रं, अ‍ॅप, किंमत, आणि वेळ उरला तर आतलं. क्रम बदला. पहिल्या दोन गोष्टींत जे बसत नाही त्याची किंमत विचारूच नका.

आता आतलं बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते दोन उदाहरणांत सांगतो.

चौथी-पाचवीच्या वर्कबुकात अपूर्णांकाचं पान काढा. बहुतेक ठिकाणी गोल, चौकोन, आयत, सगळे आधीच समान भागांत कापलेले, काही भाग रंगवलेले, आणि 'रंगवलेला भाग अपूर्णांकात लिहा' असा प्रश्न. मूल काय करतं? रंगवलेले मोजतं, तीन. एकूण मोजतं, चार. तीन वर, चार खाली, संपलं. दहापैकी दहा. त्याला अपूर्णांक कळला का? आता फळ्यावर एक आयत काढा, त्याचे चार भाग करा पण मुद्दाम लहान-मोठे, सगळ्यात लहान भाग रंगवा आणि त्याच मुलाला विचारा की हा एक चतुर्थांश आहे का. पुष्कळ मुलं हो म्हणतात, कारण त्या पानाने त्यांना मोजायलाच शिकवलं, भाग समान पाहिजेत हे कुठे विचारलंच नाही. चांगल्या साहित्यात असा चुकीचा आयत छापलेला असतो आणि 'हे बरोबर आहे का, का नाही' असं विचारलेलं असतं. अर्धी पोळी आणि अर्धी भाकर सारखीच का, असा प्रश्न असतो. तीन चतुर्थांश मोठा की तीन पंचमांश, हे चित्र काढून दाखव असं असतं, कारण पाच मोठा म्हणून तीन पंचमांश मोठा असं म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. संख्यारेषेवर अर्धा कुठे येतो ते दाखवायला सांगितलेलं असतं. असे चार-पाच प्रश्न जरी एका घटकात सापडले तरी ते पुस्तक कोणीतरी विचार करून लिहिलंय हे कळतं.

दुसरं उदाहरण मराठीचं. ही दोन वाक्यं वाचा: टमरू खिलपी घेऊन गोदळात गेला. गोदळात त्याला तीन भुंद्रे दिसले. आता प्रश्न: टमरू कुठे गेला? गोदळात. त्याला किती भुंद्रे दिसले? तीन. टमरूने सोबत काय नेलं? खिलपी. तिन्ही उत्तरं बरोबर आली अन् आपल्याला एक अक्षर कळलेलं नाही. उताऱ्याखालचे प्रश्न तपासताना हीच युक्ती वापरा, नामं काढून असले खोटे शब्द मनातल्या मनात टाका आणि तरीही उत्तर देता येतंय का बघा. येत असेल तर तो प्रश्न आकलनाचा नाही, फक्त वाक्य शोधून उतरवायचा आहे. असे काही प्रश्न असायला हरकत नाही, सुरुवातीला ते लागतातही, पण पूर्ण पुस्तकभर तेवढेच असतील तर ते पुस्तक घेऊ नका, मग गोष्टी कितीही गोड असोत. 'टमरूने सोबत खिलपीच का नेली असेल' असा प्रश्न मात्र अर्थ कळल्याशिवाय सुटत नाही.

एक पूर्ण घटक तुम्ही स्वतः मूल होऊन सोडवा, पेन्सिल घेऊन, उत्तरं न बघता. नुसतं चाळून काही कळत नाही. सोडवताना सूचना कुठे अडखळवते, कुठे दोन पायऱ्या एकदम गाळल्यात, कुठे उत्तर आधीच्या पानावरच्या चित्रात दिसतंय, हे सगळं समोर येतं. मग तीच पानं वर्गातल्या चार-पाच मुलांना द्या, त्यात एखादं मागे पडलेलंही असू द्या, अन् मदत न करता फक्त ऐका की ती आपसात काय बोलून राहिली आहेत. जे पुस्तक चांगलं असतं त्यावर मुलं एकमेकांशी वाद घालतात. जे कमजोर असतं त्यावर शांतपणे भरत जातात आणि झालं म्हणून वही पुढे करतात.

आणखी एक, जे नेहमी सुटतं. पूरक साहित्याची पद्धत मूळ पुस्तकाशी भांडते का ते बघा. बेचाळीस वजा सतरा ही वजाबाकी, मूळ पुस्तकात दशक सुटा करून शिकवलेली असते, म्हणजे चारचे तीन झाले आणि दोनचे बारा. एखाद्या गाईडमध्ये किंवा ट्यूशनच्या नोट्समध्ये खाली हातचा मिळवायची जुनी रीत असते. दोन्ही बरोबर आहेत, पण तिसरीच्या मुलाला एकाच आठवड्यात दोन्ही दाखवल्या की ते वरचा चारही कमी करतं अन् खालचा एकही वाढवतं, आणि उत्तर काहीतरी भलतंच येतं. मूळ पुस्तक कोणतं ते एक ठरवा आणि बाकी सगळं त्याच्या मागे चालेल असं बघा.

आपल्याकडच्या मुलांचं काय

नागपुरात एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी, वऱ्हाडी बोलणारी मुलं असतात, आणि रामटेक-देवलापारकडे गेलं की गोंडी बोलणारीही. साहित्यात या मुलांना हात दिलेला आहे का? म्हणजे नवीन शब्द चित्रासोबत येतो का, आधी तोंडी बोलायला जागा आहे का, का थेट लिहा. पण एक सावधगिरी पाहिजे. हल्ली 'स्थानिक संदर्भ' म्हणून सफरचंदाच्या जागी संत्री टाकतात, लोकलच्या जागी मेट्रो टाकतात अन् गणित तेच राहतं. संत्र्याने गणित चांगलं होत नाही. काटोलच्या बागायतदाराने पेटीत संत्री भरताना थर कसे लावले, एका थरात किती, पेटी भरायला किती थर लागतील, हे विचारलं तर गुणाकार लागतो अन् संदर्भाचा उपयोग होतो. विज्ञानातही तसंच. बाष्पीभवनाचा प्रयोग एप्रिलमध्ये लावला तर बशीतलं पाणी बघता बघता आटतं, तोच ऑगस्टच्या पावसाळी हवेत लावा अन् बशी कितीतरी वेळ ओलीच. ही तुलना आपल्या उन्हाळ्यात जेवढी ठळक दिसते तेवढी फार कमी ठिकाणी दिसत असेल, पण पुस्तकात प्रयोगाचा महिना बदलून करायला जागा पाहिजे आणि 'निरीक्षण लिहा' खाली एक ओळ नाही तर अर्धं पान पाहिजे.

दप्तराचं वजनही बघा. 2020 च्या स्कूल बॅग धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. प्रत्येक विषयाला दोन वर्कबुकं लावली की हे गणित बसतच नाही.

फुकट काय मिळतं ते आधी बघा

विकत घ्यायच्या आधी हे बघायला पाहिजे, कारण पालकांच्या खिशातून जे जातं ते खूप असतं. बालभारतीच्या साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत, पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमध्ये उघडतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर मराठी गोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या, आणि त्यांचं लायसन्स खुलं असल्यामुळे नाव देऊन छापायला, वाटायला, बदलायलाही परवानगी आहे, म्हणजे चार गोष्टींच्या झेरॉक्स काढून पिन मारली की वाचनकोपऱ्याची सुरुवात झाली. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते आहे, मराठी पुस्तकंही आहेत. मुलं वाचनात कुठे आहेत हे पाहायला असर या शिक्षण-सर्वेक्षणातली साधी चाचणी पुरते, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एका मुलाला काही मिनिटं लागतात. रमण विज्ञान केंद्रात सहल न्यायची तर नुसती फिरवून आणू नका, ज्या महिन्यात प्रकाश किंवा ध्वनीचा पाठ आहे त्या महिन्यात न्या आणि कोणत्या दालनात काय बघायचं ते मुलांना आधी सांगा.

पण फुकट आहे म्हणून चांगलं असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येणाऱ्या कृतिपत्रिकांनाही वरचीच तपासणी लावा, त्यातल्या कित्येकांत निष्पत्तीचा नंबर वर लिहिलेला असतो अन् खाली त्याच्याशी संबंध नसलेले प्रश्न.

सरकारी शाळेत ग्रंथालयासाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान येतं, त्याची यादी कपाट भरण्यासाठी करू नका. कोणत्या इयत्तेला कोणत्या पातळीचं वाचायला कमी पडतंय ते असरच्या चाचणीतून काढा आणि मग यादी करा. निवड एकट्याने नको. त्या इयत्तेला शिकवणारे दोघं, वरच्या इयत्तेचं कोणीतरी, आणि शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक, एवढे बसले आणि प्रत्येकाने तोच घटक सोडवून आणला तर दोन तासांत निकाल लागतो. कारणं कागदावर लिहून ठेवा, म्हणजे डिस्काउंटवाल्याला उत्तर द्यायला सोपं जातं.

वर्गात वापरताना

चांगलं साहित्य आणलं आणि मनाला येईल तिथून दोन पानं उचलली तर त्याचा काही उपयोग नाही. समग्र शिक्षातून आलेल्या गणित पेट्या कित्येक शाळांत कपाटात बंद आहेत, हरवेल म्हणून, अन् जिथे उघडतात तिथे तपासणीच्या दिवशी. मणिमाळ, दशकाचे दांडे, नाण्या-नोटा हे सगळं मुलांच्या हातात रोज गेलं पाहिजे, हरवलं तर हरवलं, चिंचोके अन् काड्यांनीही काम चालतं.

घटक सुरू करायच्या आधी तो शेवटापर्यंत वाचा. टाचण वहीत (पाठाच्या तयारीच्या वहीत) निष्पत्ती उतरवायची तर तिच्याखाली हे लिहा की घटकाच्या शेवटी मुलाला कोणता एक प्रश्न सुटला पाहिजे. मग कळतं की सुरुवातीची कृती कशासाठी ठेवली आहे. वेळ कमी पडला की आपण हीच सुरुवातीची कृती गाळतो आणि थेट उदाहरणसंग्रहावर जातो, तसं करू नका, त्यापेक्षा सरावाची एकसारखी दहा उदाहरणं असतील त्यातली पाच गाळा. आपल्याकडे शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडते, लगेच पोळा, मारबत, गणपती, मग दसरा अन् दीक्षाभूमीची गर्दी, दिवाळी, म्हणजे पहिलं सत्र तुटक-तुटक जातं. त्यामुळे जूनच्या नियोजनातच ठरवा की सलग आठवडे कोणते आहेत आणि जड घटक, अपूर्णांक, भागाकार, परिच्छेद-लेखन, त्यातच बसवा. पोळ्याच्या आठवड्यात भागाकार सुरू केला तर नंतर पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो.

मागे असलेल्या मुलांसाठी सोपं पुस्तक देऊन मोकळं होऊ नका. सहावीतलं जे मूल असरच्या गोष्टीवर अडकतं त्याला रोज थोडा वेळ त्याच्या पातळीचं वाचन हवंच, पण सहावीचा पाठ त्याला वर्गासोबत मिळालाच पाहिजे, फक्त पोचायला मदत करा, म्हणजे पाठ आधी मोठ्याने वाचून दाखवा, अवघड शब्द फळ्यावर चित्रासकट ठेवा, उत्तर आधी जोडीदाराला तोंडी सांगू द्या. प्रश्न मात्र सोपा करू नका. 'का' विचारलेलं असेल तर त्या मुलालाही 'का'च विचारा.

व्हिडिओ दाखवायचा तर आधी स्वतः बघा, मोबाइलवर डाउनलोड करून ठेवा कारण कुही-भिवापूरकडे ऐन तासाला नेट जाणं नवीन नाही, आणि कुठे थांबवून काय विचारायचं ते दोन ठिकाणी ठरवून ठेवा.

शेवटचं काम वह्यांचं. घटक संपला की पाच वह्या घ्या, हुशार मुलांच्या नको, मधल्या अन् मागच्या बाकांवरच्या, आणि चूक-बरोबर न करता एकच बघा की सारखी चूक कुठे आहे. पाचपैकी तिघांनी असमान भागांच्या आयताला एक चतुर्थांश लिहिलं असेल तर ती त्यांची चूक नाही, कृती कमी पडली. त्या वह्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत घेऊन जा. तिथे सूचना अन् माहिती भरण्यात वेळ जातो हे मला माहीत आहे, तरी अर्धा तास मागून घ्या, बाजूच्या शाळेतल्या मॅडमनी तोच घटक कसा घेतला ते विचारा, त्यांच्या वह्या बघा.

आणि शिक्षकाची जी प्रत असते तिच्यावर पेन्सिलने लिहीत जा: या पानाला दोन तास लागले, ही सूचना मुलांना कळली नाही, इथे काड्या वापरल्या, हे उदाहरण गाळलं तरी चालतं. एप्रिलमध्ये ती प्रत पुढच्या वर्षी ज्यांच्याकडे तो वर्ग जाणार आहे त्यांना द्या, अन् बदली झाली तर सोबत नेऊ नका, शाळेतच ठेवून जा.